वाऱ्याचं पाणी

९ फेब्रुवारी

चिमे,

उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. आधी डोळ्याला पट्टी होती. पट्टी निघाली तर अक्षरं जोडीजोडीने दिसायची. आणि नीट दिसायला लागलं तेव्हा काय लिहावं तेच ठरेना. फोन करावा तर मी 'डोळा' म्हणतो आणि तू 'गोळा' ऐकतेस. तुझा कान आणि माझा डोळा धरून आपल्या दोघांत मिळून एक तरी धड माणूस होईल का, शंका आहे.

ऑपरेशन बावीस जानेवारीला झालं. नाकाच्या बाजूने बुबुळावर चढलेलं मांस काढलं. लहानपणी आपण दोघांनी वीटभट्टीवर ऊन आणि धूळ खाल्ली, पुढे चाळीस वर्षं मी गिलावा करताना खाल्ली, त्याचं हे फळ असं डॉक्टर म्हणाले. दुखलं नाही, खोटं कशाला बोलू. पण मांस काढलं एवढंच मी धरून चाललो होतो. तिथे काही लावलं, हे मागाहून कळलं. वरच्या पापणीखालची चांगली पातळ साल कापून त्यांनी त्या जागी ठिगळ लावलंय. टाका एक नाही. चिकटवलंय. मी विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "आजोबा, काळजी करू नका, चांगलं चिकटतं." चिमे, मी जन्मभर घरमालकांना हेच सांगत आलो. त्यातलं किती पडलं ते मला माहीत आहे.

आता डोळ्यात वाळू गेल्यासारखं टोचतं. आणि पाणी म्हणशील तर दारात उभा राहिलो की गालावरून ओघळ. तरी डॉक्टर म्हणतात डोळा कोरडा आहे! कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं बसवलं. मग पिवळा रंग टाकला, निळा दिवा लावला आणि तिथेच कामाला असलेल्या तुझ्या लेकीने मोजलं, एक, दोन, तीन, चार, "फुटलं." काय फुटलं ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, "आजोबा, अश्रू भरपूर आहेत, पण अश्रूंचा दर्जा चांगला नाही."

तुझी लेक खाली मान घालून हसली. मी पाहिलं. एकाच डोळ्याने पाहिलं, पण पाहिलं.

मग एक बाटली दिली. घरी आल्यावर सूनबाईने त्यावरचं वाचलं, "कृत्रिम अश्रू." मी म्हटलं, "म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "म्हणजे खरे नव्हेत ते, बाबा."

मी काही म्हणत नाही, फक्त विचारतो. माझ्या अश्रूंच्या दर्जाबद्दल त्या दवाखान्यात कुणी काय सांगून ठेवलंय? वडील गेले त्या दिवशी ओट्यावर चारचौघांत तू काय बोलली होतीस, ते तुझ्या लक्षात असेल. माझ्या आहे. बाकी अश्रूंची पारख करायला त्या डॉक्टरांना आपल्या घरातलं काय ठाऊक?

तुझ्याही डोळ्यातलं मांस आता बुबुळाच्या मध्यापासून तांदळाच्या दाण्याएवढंच लांब उरलंय. तू लिहिलंस, दादाचं नीट झालं तर मी करीन, नाहीतर शिवणकाम सोडून बसेन. म्हणजे हे ओझंही माझ्याच डोक्यावर. तेव्हा खरं काय ते कळव.

दादा


१७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा हसले, एकदा चिडले.

कामावर तुला सगळे ओळंबा म्हणायचे, ते उगाच नाही. दुसऱ्याची प्रत्येक भिंत तुला वाकडीच दिसायची. अरे, माझी लेक त्या दवाखान्यात दिवसाला पन्नास डोळे तपासते. तिथे उभी राहून ती डॉक्टरांना मामाच्या घरगुती भानगडी सांगेल? तिला जेवायला वेळ मिळत नाही! हसली म्हणतोस, तर का हसली ते तिलाच विचार. तुझ्या घरापासून दोन बस-थांब्यांवर राहते, पण तू दार उघडलंस तर ना. तीनदा येऊन परत गेली. मामा झोपलेत, असं सांगतात म्हणे.

ओट्यावरचं जुनं तू काढलंस. मला त्यावर आत्ता काही लिहायचं नाही.

डोळ्याचं मात्र सांगते. मी शिवण करणारी बाई, मला काय कळतं. पण तू गवंडी आहेस ना? नवा गिलावा केलास की भिंत ओली दिसते म्हणून तू तशीच सोडून देतोस का? सात-आठ दिवस पाणी मारतोस. नाही मारलं तर भेगा पडतात, हे तूच मला शिकवलंस. तुझ्या डोळ्यावर नवं ठिगळ बसलंय. ते सुकून चालेल का? तेव्हा हट्ट सोड आणि सांगितलंय तसं दिवसातून चार वेळा पाणी मार. भिंतीची काळजी घेतलीस तेवढी डोळ्याची घे.

माझं म्हणशील तर सुईत दोरा ओवायला आता चार-पाच वेळा लागतात. काल एका बाईच्या ब्लाउजला डावी बाही उजवीकडे लावली. ती म्हणाली, "हात उलटे घालून बघू का?" मी हसण्यावारी नेलं. पण घरी येऊन बराच वेळ मशीनपुढे नुसती बसले. माझी तारीख बारा मार्चची आहे. तुझ्या पत्राची वाट बघते.

चिमी


२५ फेब्रुवारी

चिमे,

तुझं गिलाव्याचं पटलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं, पण हे आपल्या धंद्यातलं बोलणं आहे. पत्र मिळालं त्या दिवसापासून चार वेळा पाणी मारतोय. गच्चीवरच्या टाकीचं, नळाखाली उभं राहून, भरल्या ओंजळीने सपासप, नव्या भिंतीवर मारावं तसं. मारताना गार वाटतं. नंतर जास्त टोचतं आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, पण नवा गिलावाही आधी तडतडतोच. बाटलीतले ते खोटे अश्रू आणि दुसरं औषधही मी दोन आठवड्यांपूर्वीच बंद केलंय. साधं पाणी असताना बनावट कशाला? सूनबाईला सांगितलेलं नाही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार-चार फुल्या मारते, मी बाटली घेऊन न्हाणीत जातो आणि तसाच बाहेर येतो. ती फुल्या कुणासाठी मारते, हाही प्रश्नच आहे. मी काही म्हणत नाही.

तुझी लेक परवा पुन्हा आली होती. मी खरंच पडलो होतो.

तू त्या जुन्यावर लिहायचं नाही म्हणालीस. मग मीच लिहितो. वडिलांना बाहेर आणून ठेवलं होतं. मी परगावाहून धावत आलो, उन्हातून, धुळीतून. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. शेजारची म्हातारी म्हणाली, "बघा, लेक कसा रडतोय." आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ते रडणं नाही, वाऱ्याचं पाणी आहे." एकवीस वर्षं झाली. त्या ओट्यावर कोण कुठे बसलं होतं ते मी आजही सांगू शकतो. आणि आता एक परका डॉक्टर सांगतो की माझ्या अश्रूंचा दर्जा चांगला नाही. कुणाला संशय येणार नाही, तूच सांग.

तू ऑपरेशन करू नकोस. हा माझा सल्ला. आहे तो डोळा आहे.

दादा


१ मार्च

दादा,

आत्ताच्या आत्ता थांब. नळाचं पाणी डोळ्याला लावू नकोस, एक थेंबही नाही. तुला दवाखान्याने जो कागद दिलाय त्यावर तिसरीच ओळ तीच आहे, लेकीने मला मागेच पाठ म्हणून दाखवली होती. पाणी मार म्हणजे थेंब घाल, असं मला म्हणायचं होतं रे. थेंब! तू गवंडी म्हणून मी गवंड्याच्या भाषेत लिहायला गेले आणि तू ओंजळी मारत बसलास. चूक माझी. माझ्या तोंडून कधी काय शब्द निघेल, याचा मला आता भरवसा नाही.

शेजारणीला फोन लावायला सांगितलं, तुझा बंद आहे. लेकीला निरोप दिलाय, ती उद्याच येईल. दार उघड. नाही उघडलंस तर ती दारात बसून राहील, माझीच मुलगी आहे.

मी माझी बारा तारीख रद्द केली. तुझा डोळा बरा झाल्याशिवाय मला काही सुचणार नाही.

चिमी


१४ मार्च

चिमे,

उशीर झाला, पण या वेळी कारण खरं आहे.

तुझी लेक आली. मी आत पडून होतो. ती दाराबाहेरून म्हणाली, "मामा, झोपलेला माणूस माझी चाहूल लागल्यावर खोकला दाबत नाही. उघडा." उघडलं. तिने खिशातून छोटी बॅटरी काढून पापणी उचलली.

"थेंब कधीपासून बंद आहेत?"

"कोण म्हणतं बंद आहेत? कॅलेंडर बघ."

"कॅलेंडर खोटं बोलतं. डोळा नाही बोलत."

दारात सूनबाई उभी होती. तिने कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं. फुल्या ती माझ्यासाठीच मारत होती, दुसऱ्या कुणासाठी मारणार.

रिक्षाने दवाखान्यात नेलं. घाण धरली होती, ठिगळाची कड लाल झाली होती. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा असंच चाललं असतं तर ठिगळही गेलं असतं आणि मांस पुन्हा वाढलं असतं, पहिल्यापेक्षा जोरात. ओरडले नाहीत. मला वाटलं ओरडतील. आठ दिवस रोज बोलावलं. आता लाली उतरलीय. बाटल्या तीन झाल्यात, सूनबाई समोर उभी राहून घालते.

तिसऱ्या दिवशी बाकावर बसलो असताना मी तुझ्या लेकीला विचारलंच, "तू हसलीस का?"

"कधी?"

"डॉक्टर दर्जा म्हणाले तेव्हा."

तिला आठवेना. मग आठवलं आणि पुन्हा हसली. "अहो मामा, ते सगळ्यांना तेच म्हणतात. तुमच्या आधी एक बाई होत्या. त्यांना म्हणाले तर त्या म्हणाल्या, 'डॉक्टर, मी ज्याच्यासाठी रडले त्याचाच दर्जा तसा होता.' ते आठवून हसले मी."

खरं असेल. रचलेलंही असेल. तू तिची आई, तुला कळेल.

मग ती म्हणाली, "मामा, गिलाव्याच्या मालात काय काय असतं?"

"वाळू, सिमेंट, पाणी."

"पाणी जास्त झालं तर?"

"ठरत नाही. ओघळून खाली येतो."

"आणि भिंत?"

"भिंत तशीच उघडी."

"अश्रूचाही मालच असतो. थोडं तेल, पाणी आणि थोडा चिकटपणा. तुमच्या मालात पाणीच पाणी आहे. ते बुबुळावर ठरत नाही, गालावर येतं. मी चार मोजेपर्यंत थर फुटला, तो हाच. थर फुटला की बुबुळ उघडं पडतं, टोचतं, आणि टोचलं की डोळा आणखी पाणी सोडतो. म्हणून वरून गळतं आणि खाली कोरडं."

चिमे, चाळीस वर्षं मी पोरांना ओरडलो, माल पातळ करू नका. आणि डॉक्टर माझ्या मालाबद्दल बोलले, तर मी ते मनाला लावून घेतलं.

मांसाचंही तिने सांगितलं, पण ते तिच्या आधी मलाच कळलं. पापणी म्हणजे थापी. दर वेळी मिटली की ती पाणी सारखं पसरवते. भिंतीवर फुगवटा असला तर थापी उचलली जाते, पुढे-मागे माल लागतच नाही. मी म्हटलं, "मग फुगवटा काढलात, लगेच का सुधारलं नाही?" ती म्हणाली, "जखम ओली आहे. महिना-दोन महिने उलट जास्त कोरडं वाटतं. पुढे बहुतेकांच्या पाण्याचा दर्जा सुधारतो. सगळ्यांचा नाही. आणि मांस परत आलं तर पहिले पाढे पंचावन्न." बहुतेकांचा म्हणजे किती जणांचा, मी काही म्हणत नाही, पण तिने ते सांगायला हवं होतं.

शेवटी एक विचारलं. वाऱ्यात असं गळणं किती वर्षांपासूनचं असेल? ती म्हणाली, "मांस आहे तेव्हापासून. वीस-पंचवीस वर्षंही असेल, मामा." मग मी गप्प बसलो. का, ते पुढे कधीतरी.

दादा


३० मार्च

दादा,

तू गप्प का बसलास, ते मला कळलं. लेकीने मला सगळं सांगितलं, मोठ्याने, दोनदा, कानापाशी येऊन.

म्हणजे त्या दिवशी तुझ्या डोळ्यांत मांस होतं, ऊन होतं, वारा होता. पाणी येणारच होतं. आणि मी काहीही ठाऊक नसताना बोलले ते अर्धं खरं निघालं. पण त्याखाली खरं रडणं होतं की नव्हतं, हे मी कशावरून ठरवलं? मी चार दिवस त्यांच्या उशाशी बसले होते, एकटी. तू येत नव्हतास. मला राग आला होता तो तुझ्या उशिराचा, आणि काढला तो तुझ्या डोळ्यांवर. तो शब्द मी परत घेते. एकवीस वर्षांनी घेतेय, उसवायला फार उशीर झाला, कापड तोवर आटलं असणार. तरी घेते. आणि पत्रात 'पाणी मार' म्हणाले, तेही परत घेते.

माझी नवी तारीख सव्वीस एप्रिल आहे. आता मांस मध्यावर टेकलंय. मशीनच्या दिव्याभोवती धुकं दिसतं. परवा सुई बोटातून गेली. डॉक्टर म्हणतात, आणखी थांबलात तर मांस काढल्यावरही डाग राहील. मला भीती वाटते, दादा. डोळा हेच माझं पोट आहे. लेक कर म्हणते, पण ती दवाखान्यातलीच. तुझ्यासारखा संशयी माणूस कर म्हणाला, तरच मला धीर येईल. तेव्हा 'मी काही म्हणत नाही' हे न लिहिता एकदा तरी सरळ सांग. करू की नको?

चिमी


१९ एप्रिल

चिमे,

पुन्हा उशीर. तुला उत्तर द्यायचं म्हणून तीन महिन्यांची तपासणी होईपर्यंत थांबलो. ती काल झाली.

कागदाची पट्टी या वेळी आधीएवढी भिजली नाही, फाजील पाणी कमी झालंय. मग पिवळा रंग, निळा दिवा. तुझी लेक मोजायला लागली तर मी म्हटलं, थांब, डॉक्टरांना मोजू दे. मग म्हटलं, नको, तूच मोज, पण मोठ्याने. ती मोजत गेली. चारला मी श्वास धरला. आठ. नऊ. अकराला फुटलं. डॉक्टर म्हणाले, "आजोबा, दर्जा सुधारला." मी म्हटलं, "मालाचा ना?" त्यांना कळलं नाही.

टोचणं बरंच गेलंय. दुपारी पंख्याखाली बसलो तर अजून कोरडं वाटतं, मग थेंब घालतो. मांस परत येईल का, हे आरशात रोज बघतो. सूनबाई म्हणते, "बाबा, एवढं बघाल तर ते लाजून येणारच नाही." ठिगळ कुठून लावलं ते आता शोधूनही सापडत नाही. गवंडी म्हणून सांगतो, जोड चांगला बसलाय.

तेव्हा कर. हे सरळ लिहिलंय, हवं तर पुन्हा वाच. कर. पण नंतरचे दोन महिने जास्त टोचेल तेव्हा घाबरू नकोस, थेंब सोडू नकोस आणि माझ्यासारखी शहाणी होऊ नकोस.

आता दुसरं. तू शब्द परत घेतलास. तो मी तुला परत घेऊ देणार नाही, कारण तो खरा होता. अर्धा नाही, सगळा. त्या दिवशी मला रडू आलंच नव्हतं. वाऱ्याचंच पाणी होतं. चौथीतून उठवून त्यांनी मला भट्टीवर नेलं, ते मी विसरलो नव्हतो, आणि ओट्यावर उभा राहून मी आत शोधत होतो, काही सापडेना. शेजारची म्हातारी म्हणाली, बघा कसा रडतोय, तेव्हा मला बरं वाटलं, निदान दिसतंय तरी. आणि तू ते काढून घेतलंस. तू खोटं बोलली असतीस तर मी विसरून गेलो असतो.

काल दवाखान्यातून घरी आल्यावर सूनबाईने डोळ्याखालचं औषध ओल्या फडक्याच्या टोकाने पुसलं. त्यावरून आठवलं. भट्टीवरून संध्याकाळी परत येताना वडील हौदापाशी आपल्याला उभं करायचे. फडक्याचं टोक भिजवायचे. आधी तुझे डोळे पुसायचे, मग तेच टोक पुन्हा धुऊन माझे. हाताला भेगा होत्या, पण डोळ्याला कधी लागलं नाही. हे एवढी वर्षं कुठे होतं?

या ओळीवर शाई पसरलीय, ते दिसेल तुला. थेंबांचं औषध असेल म्हणून मी बाटली बघितली, झाकण लावलेलं आहे. वारा असेल म्हणून उठून खिडकी बघितली. तीही लावलेली आहे, कालपासून.

दर्जाचं मला ठाऊक नाही. तपासायला इथे कुणी नाही.

सव्वीस तारखेला पट्टी बांधल्यावर निरोप दुसऱ्या कुणाकडून पाठवू नकोस, मला खरा वाटणार नाही. सुटली की तुझ्या हाताने दोन ओळी लिही. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, या वेळी मी ओळंबा लावणार नाही. पण लवकर लिही, चिमे. मी रोज दारात बघतोय.

दादा